स्मरणरंजन हा पुरावा होऊ शकतो का? दूरदर्शनचे मुलांचे कार्यक्रम आणि माझी एक चूक

माझ्या पीएचडीचा विषय कुणाला सांगितला की बहुतेक वेळा एकच गोष्ट घडते. समोरचा माणूस चाळिशी-पन्नाशीच्या पुढचा असेल तर त्याचा चेहरा खुलतो. ‘अरे वा, टीव्हीवरचे लहान मुलांचे कार्यक्रम? किलबिल! काय दिवस होते ते!’ आणि मग पुढची वीस मिनिटं मला काही बोलावंच लागत नाही. विषय किती सोपा, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. माहिती द्यायला माणसं एका पायावर तयार, आणखी काय पाहिजे?

मग सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला एका सरांनी शांतपणे विचारलं, ‘लोकांच्या गोड आठवणी गोळा करणं म्हणजे इतिहास का?’ मी काहीतरी उत्तर दिलं. ते चांगलं नव्हतं. आज तीन वर्षांनी तेच उत्तर पुन्हा, जरा नीट द्यायचा प्रयत्न करतेय. तुम्ही सिनेमा, नाटक, शाळा, गिरणी, गणेशोत्सव अशा कुठल्याही अलीकडच्या विषयावर काम करणार असाल तर हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाणार आहे, म्हणून ही पोस्ट.

पडद्यावरचं गेलं कुठे?

आधी पार्श्वभूमी. भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाली. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, वरळीहून. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसायला लागले. मराठीत ‘किलबिल’, हिंदीत मंजू सिंग यांचा ‘खेल खिलौने’, इंग्रजीत सबिरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ हे त्या काळातले कार्यक्रम. शेवटचा खरं तर मुलांसाठी नव्हता. एका शब्दाच्या सूचनेवरून जोडीदाराने दुसरा शब्द ओळखायचा, असा तो खेळ. पण मराठी माध्यमाच्या घरांतही तो इमानेइतबारे बघितला जायचा, कारण ‘त्याने इंग्रजी सुधारतं’ असं घरातल्या मोठ्यांचं ठाम मत होतं.

संशोधक म्हणून तुमची पहिली इच्छा काय असेल? हे कार्यक्रम बघायचे. पण इथेच गाडी अडते. सुरुवातीच्या काळातले बरेचसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, आणि जे टेपवर घेतले जायचे त्या टेपा महाग असल्याने पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. हा काही आपल्याकडचाच हलगर्जीपणा नव्हे. बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत आपले कार्यक्रम असेच पुसले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे जवळपास शंभर भाग आज चित्ररूपात सापडत नाहीत. गंमत म्हणजे त्या सगळ्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे, कारण काही प्रेक्षक पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो रेकॉर्ड केला होता. म्हणजे संस्थेने पुसलं आणि प्रेक्षकाने जपलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे घरोघरी टेपरेकॉर्डर नव्हते, पण प्रेक्षक होते. त्यामुळे मूळ कार्यक्रम हातात नसताना प्रेक्षकाची आठवण हाच मोठा साठा उरतो. प्रश्न एवढाच, की तो वाचायचा कसा?

आठवण कुठे घसरते

आठवणी चुकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कशाही चुकत नाहीत. ठरावीक ठिकाणी चुकतात, आणि ती ठिकाणं ओळखता आली की काम बरंच सोपं होतं. माझ्या मुलाखतींमध्ये वारंवार आलेल्या तीन घसरगुंड्या सांगते.

पहिली म्हणजे ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची सरमिसळ. ‘आम्ही शाळेत असताना टीव्हीवर बोर्नव्हिटा क्विझ बघायचो’ असं सत्तरच्या दशकात शाळेत असलेल्या लोकांनी मला सांगितलंय. ते शक्य नाही. ही स्पर्धा १९७२ मध्ये सुरू झाली आणि पुढे रेडिओवर गाजली. आधी हमीद सयानी आणि १९७५ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर अमीन सयानी ती चालवायचे. टीव्हीवर ती आली नव्वदच्या दशकात, खाजगी वाहिनीवर, डेरेक ओब्रायन यांच्याबरोबर. ज्यांनी दोन्ही अनुभवलं त्यांच्या मनात नंतरच्या चित्राने आधीच्या आवाजाला चेहरा दिला. तुम्ही असं वाक्य ऐकलं तर ‘चूक’ असा शेरा मारून पुढे जाऊ नका. रेडिओ ऐकणारं मूल मनात किती काय बघत असेल, हा त्यातला खरा धागा आहे.

दुसरी म्हणजे कृती तयार झाल्याची तारीख आणि ती बघितल्याची तारीख. ‘एक अनेक और एकता’ हा चित्रपट आठवतोय? पक्षी जाळ्यासकट उडून जातात ती गोष्ट. ऐंशीच्या दशकात वाढलेली माणसं तो ‘ऐंशीच्या दशकातला’ म्हणून सांगतात. प्रत्यक्षात फिल्म्स डिव्हिजनने तो १९७४ मध्ये काढला. त्यामागे होते भीमसेन आणि विजया मुळे. १९७४ मध्ये टीव्ही देशातल्या मोजक्याच शहरांत होता. पुढे टीव्ही घराघरांत पोचला आणि हा लहानसा चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवला गेला, तेव्हा तो एका नव्या पिढीचा झाला. म्हणून मी आता प्रत्येक कृतीपुढे तीन रकाने करते: तयार कधी झाली, दाखवली कधी, आणि सांगणाऱ्याला ती कुठल्या वयातली म्हणून आठवते. हे तीन रकाने क्वचितच जुळतात. ते जिथे जुळत नाहीत तिथेच बहुतेक वेळा प्रकरणाचा मुद्दा सापडतो.

तिसरी म्हणजे आपलंसं करून घेणं. ‘जंगल बुक’ ही मालिका कित्येकांना पूर्णपणे भारतीय वाटते. मुळात ती जपानी ॲनिमेशन मालिका. दूरदर्शनवर ती १९९३ मध्ये हिंदीत आली, गुलजारांच्या शीर्षकगीतासकट, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. लोकांना जपान आठवत नाही. रविवारची सकाळ, गाणं आणि नानांचा आवाज आठवतो. ही विसरण्याची चूक म्हणायची, की डबिंग किती यशस्वी झालं याचा पुरावा? मला दुसरं उत्तर जास्त पटतं.

या बाबतीत एक माणूस तुम्ही वाचलाच पाहिजे, तो म्हणजे इटलीचे मौखिक इतिहासकार आलेसांद्रो पोर्तेल्ली. तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्याच्या गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पोर्तेल्लींनी कित्येक वर्षांनी मुलाखती घेतल्या तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधला म्हणून सांगितला, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा. तारीख चुकीची होती. पण पोर्तेल्लींनी विचारलं, सगळे एकाच दिशेने का चुकतात? कारण आपला एक सहकारी हकनाक गेला, हे त्या गावाला सहन होत नव्हतं. तो मृत्यू त्यांच्या स्वतःच्या लढ्याशी जोडला की त्याला अर्थ यायचा. घटना काय घडली ते कागद सांगतात. लोकांच्या लेखी तिचा अर्थ काय, ते चुकीची तारीख सांगते. माझ्या विषयात कुणी मेलेलं नाही, त्यामुळे तुलना जपून करायला हवी. पण ‘सगळे एकाच दिशेने का चुकतात’ हा प्रश्न मी तिथूनच उचलला.

‘सगळेच बघायचे’

माझ्या मुलाखतींमधलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य कुठलं असेल? ‘त्या वेळी सगळेच बघायचे.’ हे वाक्य मी सुरुवातीला जसंच्या तसं प्रकरणात वापरत होते.

आता जरा आकडे बघू. घरात टीव्ही आहे का, हा प्रश्न भारताच्या जनगणनेत पहिल्यांदा विचारला गेला तो २००१ मध्ये. त्या वर्षी देशातल्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता. २०११ मध्ये ४७.२ टक्के. म्हणजे ज्या ऐंशीच्या दशकाला आपण ‘घराघरांतला दूरदर्शन’ म्हणतो, त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनीही तीनपैकी दोन घरांत टीव्ही नव्हता. सिग्नल पोचण्याचाही प्रश्न होताच. मुंबई-पुण्याला १९७२-७३ पासून टीव्ही दिसत असला तरी राज्यातल्या कित्येक तालुक्यांना १९८४ पर्यंत वाट बघावी लागली. त्या वर्षी काही महिने देशात जवळपास रोज एक नवा ट्रान्समीटर उभा राहत होता, तेव्हा कुठे पडद्यावर मुंग्यांऐवजी माणसं दिसायला लागली.

मग ‘सगळे’ कुठून आले? तर ते आले शेजारच्या घरातून. टीव्ही एकाचा आणि बघणारे तीस. लालबागच्या चाळीत वाढलेल्या एका मावशींना मी ‘किलबिल’बद्दल विचारलं तर त्यांना एकही भाग सांगता आला नाही. पण टीव्हीवाल्या खोलीबाहेर चपलांचा ढीग कसा पडायचा, कुणाला पाटावर जागा मिळायची आणि कुणाला दारात, बातम्या लागल्या की ‘चला रे आता घरी’ कोण म्हणायचं, हे सगळं त्यांनी मिनिटामिनिटाने सांगितलं.

आणि आता माझी चूक. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वाढलेले, आता पन्नाशीत असलेले एक शाळामास्तर. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता लिहितेय. मी माझी ठरलेली प्रश्नावली काढली. कुठला कार्यक्रम आवडायचा? निवेदक कोण? गाणं आठवतं का? त्यांचं प्रत्येक उत्तर ‘नाही हो, नीट आठवत नाही’. अर्ध्या तासात मी रेकॉर्डर बंद केला आणि चहा घेतला. चहा घेताना ते म्हणाले, ‘मॅडम, मला कार्यक्रमाचं नाव नका विचारू. त्या खिडकीला गज किती होते ते विचारा. पाच. आमच्या वस्तीतल्या पोरांना घरात यायची सोय नव्हती. आम्ही अंगणात उभं राहायचो, खिडकीतून. पडद्याचा डावा भाग दिसायचा, उजवीकडे कपाट आडवं यायचं.’

मी मान हलवली, वाईट वाटलं, आणि घरी येऊन त्या मुलाखतीपुढे लिहिलं: ‘कार्यक्रमांविषयी उपयुक्त माहिती नाही.’

हा शेरा माझ्या गाईड मॅडमनी वाचला. त्यांनी एकच विचारलं, ‘तू कार्यक्रमांचा इतिहास लिहिते आहेस की बघण्याचा?’

मी दूरदर्शनने टेपा पुसल्या म्हणून हळहळत होते, आणि ज्या क्षणी मला खरा पुरावा मिळत होता त्या क्षणी माझाच रेकॉर्डर बंद होता. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या सरांकडे गेले. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, पण पहिल्यासारखं नाही. या वेळी ते माझ्यासाठी, नीट वाक्यं जुळवून बोलत होते. पहिल्या वेळचं बोलणं आता फक्त माझ्या आठवणीत आहे, म्हणजे तिथे मीच साक्षीदार आणि मीच संशयित. प्रबंधात ते तसंच, तळटीप देऊन लिहिणार आहे.

यातून हाती काय लागलं? ‘सगळेच बघायचे’ हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. ते वाक्य घरात बसलेल्या माणसाचं आहे. अंगणातल्या माणसाने ते मला एकदाही म्हटलेलं नाही.

कागद कुठे शोधायचे

आठवणींना नुसतं आठवणींशी भिडवून भागत नाही, कागद लागतातच. मला उपयोगी पडलेले काही सांगते.

सगळ्यात आधी वर्तमानपत्रांत रोज छापून येणारा ‘आज दूरदर्शनवर’ छापाचा तक्ता. दिसायला कंटाळवाणा, पण वार, वेळ आणि भाषा यांचे वाद तो झटक्यात मिटवतो. एकाच कार्यक्रमाचे तीन माणसांनी तीन वार सांगितले की मी सरळ ग्रंथालयात जाऊन बांधीव अंक काढते.

दुसरे सरकारी अहवाल. पी. सी. जोशी समितीचा १९८५ चा अहवाल तर भारतीय टीव्हीला स्वतःचं व्यक्तिमत्त्व कसं असावं याच विषयावर आहे. तो जरूर वाचा. पण लक्षात ठेवा, अहवाल टीव्ही कसा असावा ते सांगतो. मुलं समोर बसून काय करत होती ते सांगत नाही. त्यासाठी ‘साइट’ प्रयोगाची कागदपत्रं बघा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही दाखवला गेला, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी. या काळात अभ्यासक गावांत राहिले आणि त्यांनी लोक कसे बघतात याच्या नोंदी ठेवल्या. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, त्यामुळे तिथले निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नका. पण बघण्याच्या नोंदी कशा घ्यायच्या, हे त्यातून शिकता येतं.

तिसरी पत्रं. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांचा ‘सुरभि’ तुम्हाला ऐकून तरी माहीत असेल. त्यात दर आठवड्याला एक प्रश्न असायचा आणि प्रेक्षकांनी पोस्टकार्डावर उत्तर पाठवायचं. १९९३ मध्ये एका आठवड्यात १४ लाखांहून जास्त पत्रं आली आणि लिम्का बुकात त्याची नोंद झाली. पंधरा पैशांच्या कार्डांचा हा पूर बघून टपाल खात्याला दोन रुपयांचं वेगळं स्पर्धा पोस्टकार्ड काढावं लागलं. एका प्रश्नमंजुषेने टपालाचा दर बदलायला लावला! असा पुरावा टीव्हीच्या फाइलमध्ये नसतो, तो टपाल खात्याच्या कागदांत असतो. माझ्या चाळीतल्या मावशींच्या डब्यात असं एक न पाठवलेलं कार्ड निघालं. उत्तर बरोबर होतं. ‘पत्ता लिहिला आणि मग पेटीत टाकायला लाज वाटली,’ त्या म्हणाल्या. न पाठवलेल्या पत्रांची नोंद कुठल्याही रेकॉर्ड बुकात नसते.

शब्दाकडे परत

नॉस्टाल्जिया हा शब्दच मुळात एका प्रबंधातून आलाय, हे माहीत आहे का? १६८८ मध्ये बाझलला योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो बनवला. घरापासून लांब राहणाऱ्यांना होणाऱ्या आजाराचं ते नाव होतं. पुढे स्वेतलाना बोयम यांनी २००१ मधल्या पुस्तकात त्याचे दोन प्रकार सांगितले. एक गेलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधू पाहणारा, आणि दुसरा ते घर गेलंय हे मान्य करून त्याचा विचार करत बसणारा.

आपला मराठी शब्द मला याहून जास्त उपयोगी वाटतो. स्मरणरंजन. रंजन म्हणजे करमणूक, आणि रंजन म्हणजे रंग देणंही. आठवण सांगणारा माणूस स्वतःची करमणूक करत असतो आणि आठवणीला रंगही देत असतो. आपण रंग खरवडून खालची भिंत शोधायला जातो. पण कुणी, कुठला रंग, कधी दिला हाही इतिहासच आहे. आणि काही भिंतींना रंग द्यायची इच्छाच कुणाला झालेली नसते, त्या तशाच का राहिल्या हेही विचारायला हवं.

तर त्या सरांच्या प्रश्नाचं माझं आजचं उत्तर असं: गोड आठवणी गोळा करणं म्हणजे इतिहास नव्हे. पण ती आठवण कुणाची, ती माणसं कुठे बसून बघत होती, आणि त्याच पडद्याबद्दल कडू आठवण कुणाकडे आहे, हे विचारायला लागलो की इतिहास सुरू होतो.

तुमच्यासाठी एक छोटासा गृहपाठ. घरातल्या एका मोठ्या माणसाला लहानपणीच्या टीव्हीबद्दल विचारा. कार्यक्रमाचं नाव अजिबात विचारू नका. एवढंच विचारा, ‘टीव्ही कुणाच्या घरी होता, आणि तुम्ही कुठे बसायचात?’

आणि चहा येईपर्यंत नव्हे, चहा संपेपर्यंत रेकॉर्डर चालू ठेवा. परवानगी घेऊन, अर्थात.